बयाबाईचे गुडघे

फोटो चोरणाऱ्याला वठणीवर कसं आणायचं, हे नाशिक जिल्ह्यात कोणाला शिकायचं असेल तर त्याने माझ्याकडे यावं, असं मी दोन हजार आठच्या दिवाळीपर्यंत छातीठोकपणे सांगत असे. आता सांगत नाही. का सांगत नाही, तेच सांगायला बसलोय.

माझा द्वारकेला फोटो स्टुडिओ आहे. 'सावित्री फोटो', आईच्या नावाने. तुम्ही सिन्नरकडून एसटीने नाशकात आला असाल तर माझा फ्लेक्स तुम्ही पाहिलाच असणार. पंधरा फूट उंच नवरा-नवरी आणि खाली 'क्षण तुमचे, कला आमची'. त्या फ्लेक्सची एक गंमत आहे. नवरी अशी झकास आली होती की विचारू नका, पण नवरदेवाने ऐन वेळी डोळे मिटले. मग मी दुसऱ्या एका लग्नातला जरा बरा नवरदेव कॉम्प्युटरवर उचलला आणि तिच्या शेजारी उभा केला. फेटा जुळला, उजेड जुळला, सावलीसुद्धा जुळवली. दोन वर्षं तो चौकात उभा होता, कोणाला पत्ता लागला नाही. याला म्हणतात कला! असो, मुद्दा तो नाही.

मुद्दा बयाबाईचा. बयाबाई मखमलाबादची. सत्तरी कधीच ओलांडलेली, तरी रोज सकाळी झेंडूची पाटी डोक्यावर घेऊन फूलबाजारात हजर. एकदा ती कशावरून तरी खदाखदा हसली, तोंडातले दोन्ही दात दिसले, पाटीतला झेंडू डोक्यावर डुलला आणि मी बटण दाबलं. त्या फोटोला छायाचित्रकार संघाच्या स्पर्धेत पहिला नंबर मिळाला. चषक हातात घेऊन माझा एक फोटो शुभांगीने, म्हणजे माझ्या बायकोने, काढला. मग मी सायबर कॅफेत जाऊन फोटो टाकायच्या एका वेबसाइटवर दोन्ही चढवले. वर माझा, खाली बयाबाईचा. जगाला कळायला नको?

त्यानंतर दर शनिवारी सायबर कॅफेत जाऊन मी किती लोकांनी फोटो पाहिला ते मोजायचो. बहुतेक आठवड्यांत एकानेच पाहिलेला असे, आणि तो मीच असे. अशाच एका शनिवारी शेजारच्या कॉम्प्युटरवर माझी नजर गेली, तर तिथे बयाबाई हसत होती. माझी बयाबाई, माझा झेंडू! खाली हिंदीत लिहिलं होतं : 'श्रीमती कमलादेवी, अमृतसर. सहा वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. वज्रजानू तेलाच्या तीन बाटल्यांत चालू लागल्या.'

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. न विचारता फोटो उचलायचा, वर बाईचं नाव बदलायचं, गाव बदलायचं आणि धडधाकट बाईला अंथरुणावर झोपवायचं? मी घरी येऊन एवढा आरडाओरडा केला की शुभांगीने गॅस बंद करून आधी तिच्या भावाला फोन लावला.

माझा मेहुणा गोटीराम एकलहऱ्याला वीज केंद्रात हेडक्लार्क. त्याचं इंग्रजी साहेबालासुद्धा दोनदा वाचावं लागतं. तो आला, चष्मा पुसला आणि म्हणाला, "दाजी, तुमची मागणी काय ते एका वाक्यात सांगा."

"माझं नाव पाहिजे. फोटोखाली माझं नाव."

"नुसतं नाव कसं चालेल? नाव, पत्ता, दूरध्वनी क्रमांक. ठळक अक्षरांत. अर्धवट मागणी आम्ही करत नाही."

पत्रात विषय होता, संदर्भ होता, 'सात दिवसांच्या आत' होतं आणि खाली तीन ठिकाणी प्रती रवाना केल्याचं खोटंच लिहिलं होतं. तेलवाले घाबरले. चौथ्या दिवशी मी सायबर कॅफेत बघतो तर कमलादेवींच्या पायाशी ठळक अक्षरांत 'चंदर, सावित्री फोटो, द्वारका, नाशिक' आणि स्टुडिओचा फोन नंबर. मी पेढे वाटले. चोराकडून नाव वसूल करणारा नाशकातला पहिला फोटोग्राफर मीच, असं संघाच्या बैठकीत उभं राहून सांगितलं.

पाचव्या दिवशी सकाळी फोन वाजला.

"हॅलो, वज्रजानू का?"

"नाही. सावित्री फोटो."

"तेच ते. तेल जेवणाआधी लावायचं का जेवणानंतर?"

त्या दिवशी असे अकरा फोन आले. दुसऱ्या दिवशी एकोणीस. कोणाचा डावा गुडघा, कोणाचा उजवा, कोणाच्या सासूचे दोन्ही. धुळ्याचे एक गृहस्थ तर काठी टेकत थेट स्टुडिओत आले आणि पासपोर्ट फोटोच्या स्टुलावर बसून त्यांनी धोतर वर केलं. मी प्रत्येकाला समजावत होतो की बाबांनो, तेल माझं नाही, फोटो माझा आहे. त्यावर सगळे एकच म्हणत, "मग तुम्हाला तर बाई माहीतच असंल."

आठवडाभरात माझा घसा बसला. ओल्या फोटोंना हात लावावा तर फोन, गिऱ्हाइकाची मान सरळ करावी तर फोन. अशातच एक फोन सिन्नरहून आला.

"पुंजाभाऊ बोलतोय. ती अमृतसरची बाई खरंच बरी झाली का हो?"

"अहो, कसली अमृतसरची? ती आमच्या मखमलाबादची बयाबाई आहे!" एवढा तरी खुलासा मी प्रत्येकाला करायचोच. फोटो नाशिकचा आहे हे लोकांना कळायला नको?

"बरं. पण अंथरुणाला खिळली व्हती का?"

आता इथे मी 'नाही' म्हणालो असतो तर पुढची वीस मिनिटं गेली असती, हे मला अनुभवाने ठाऊक झालं होतं. समोर बाळ रडत होतं, बाळाची आई माझ्याकडे डोळे वटारून बघत होती. मी म्हणालो, "होती बाबा, होती. सहा वर्षं होती. आता पळते. ठेवा."

तेवढ्यावर तो फोन मिटला. मला वाटलं, चला, ही युक्ती बरी आहे.

पंधरा दिवसांनी स्टुडिओच्या दारात बयाबाई उभी. डोक्यावर पाटी नव्हती आणि तोंडावर हसूही नव्हतं. ती आत आली आणि स्टुलावर बसली.

"चंदर, मी कवा अंथरुणाला खिळले व्हते रं?"

हळूहळू सगळं कळलं. तिची नात स्नेहल हिला सिन्नरचं स्थळ आलं होतं. मुलगा समाधान, औद्योगिक वसाहतीत कायम नोकरीला. पोरीला मुलगा पसंत, मुलाला पोरगी पसंत, सुपारी फोडायचीच काय ती राहिली होती. पण बघण्याच्या कार्यक्रमात मुलाच्या बापाने आजीला पाहिलं आणि तो दचकला. घरी जाऊन त्याने निरोप धाडला : पोरगी चांगली आहे, पण घरात वाताचा आजार आहे आणि तुम्ही तो लपवला.

"बाप कोण मुलाचा?" मी विचारलं, पण उत्तर मला कळलंच होतं.

"पुंजाभाऊ. त्यो म्हनतो, फोटोवाल्यानं सोता फोनवर सांगितलं. पोरगी तीन दिस झाले जेवली नाय, चंदर. म्हनती, आजी, तू खरंच आजारी व्हतीस का? आता माझ्याच घरात मला इचारत्यात."

स्नेहल मी पाहिलेली होती. बायोडाटाचा फोटो मीच काढला होता. एवढी हसरी पोर तीन दिवस जेवली नाही म्हटल्यावर मला फार वाईट वाटलं. मी तेलवाल्यांना शिव्या घालायला सुरुवात केली. न विचारता फोटो वापरतात, माणुसकी नाही, लाज नाही.

"तू मला इचारलं व्हतं का?" बयाबाई म्हणाली.

"कधी?"

"फोटो काढताना."

"आजी, विचारलं की माणूस ताठ होतो. फोटो नैसर्गिक येत नाही."

"आन त्यो जगाला दाखवताना?"

"ते वेगळं."

"काय येगळं?"

एरवी नको तेव्हा वाजणारा फोन त्या वेळी मात्र वाजला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं सिन्नरच्या एसटीत बसलो. माझ्या पिशवीत स्पर्धेचा चषक, मूळ फोटो, प्रमाणपत्र आणि गोटीरामच्या पत्राची प्रत असा भक्कम पुरावा होता. बयाबाईकडे तिचे गुडघे होते.

पुंजाभाऊंनी आम्हाला ओटीवर बसवलं. त्यांची बायको मंगलाबाई दाराला टेकून उभी राहिली. पाणी आलं, पण चहाचं कोणी विचारेना. मी चषक काढून मध्ये ठेवला आणि सगळी हकिकत सांगितली. फोनवर मी खोटं बोललो, हेही कबूल केलं.

"म्हंजी तेल खोटं?" पुंजाभाऊ म्हणाले.

"साफ खोटं."

"मग मला फरक कसा पडला? दुसरी बाटली चालू हाय."

आता याला काय सांगणार? मी प्रमाणपत्र काढलं, पत्र वाचून दाखवलं, पण माझ्या पुराव्याकडे कोणी बघेना. शेवटी बयाबाई उठली. तिने पदर खोचला आणि ओटीच्या मधोमध उठाबशा काढायला सुरुवात केली. एक, दोन, पाच, दहा. पंधराव्या उठाबशीला ती मंगलाबाईला म्हणाली, "या की तुमी बी."

मंगलाबाई नाही आल्या, पण त्यांनी चहा ठेवायला आत सांगितलं. वारं फिरलेलं पाहून मला जोर चढला. आता एक खणखणीत भाषण झालं की सुपारी फुटलीच.

"पुंजाभाऊ, हा प्रकारच संतापजनक आहे," मी म्हणालो. "दुसऱ्याच्या घरची बाई उचलायची, न विचारता तिच्याशी भलतंसलतं जोडायचं आणि ते चव्हाट्यावर लावायचं! घरच्यांना कशाकशाला तोंड द्यावं लागत असेल, याचा विचार नाही. असल्या माणसाला भर चौकात उभं केलं पाहिजे!"

"बरोबर हाय," मंगलाबाई पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघत म्हणाल्या. "तुमचा स्टुडिओ कुठंशी?"

"द्वारकेला."

"तिथं एक लय मोठा फोटो लावलाय. नवरा-नवरीचा."

"तोच, तोच! माझाच तो," मी म्हणालो. माझी छाती फुगली.

मंगलाबाईंनी आत हाक मारली, "रूपाली, चहा आण गं."

थोरली सून चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. तिने मान वर केली आणि मला तो चेहरा ओळखायला अजिबात वेळ लागला नाही. पंधरा फूट उंचीचा मीच छापला होता. तिच्या मागोमाग तिचा नवरा बाहेर आला. या वेळी त्याचे डोळे चांगले उघडे होते.

"ही आमची सून," मंगलाबाई म्हणाल्या. "आता तिच्या शेजारचा त्यो बाप्या कोण, तेवढं सांगा."

मी घाईने चहाचा कप उचलला.

"दोन वर्सं झाली," पुंजाभाऊ म्हणाले. "फोटोवाला मुलीकडच्यांनी ठरवलेला. व्याह्यांना वाईट नको वाटाया म्हणून आमी गप. नाशिकला जाताना एसटीत त्या बाजूच्या खिडकीला बसत नाय आमी. परवा माझा साडू इचारतो, सुनेचं आधी एक लग्न झालं व्हतं का?"

मी म्हणालो, "फेटा जुळत होता." याहून मूर्ख वाक्य मी आयुष्यात बोललेलो नाही.

रूपालीचा नवरा मध्ये ठेवलेला चषक हातात घेऊन त्याचं वजन बघत होता, ते मला बिलकूल आवडलं नाही. आणि तेवढ्यात बयाबाई हसली. अगदी तसंच, दोन्ही दात दाखवून, खदाखदा. "अगं पोरी," ती रूपालीला म्हणाली, "मला यानं अंथरुनात घातलं आन तुला दुसरा नवरा दिला!" रूपालीला हसू फुटलं, मग मंगलाबाईंना, आणि शेवटी पुंजाभाऊंनाही. हसला नाही तो एकटा रूपालीचा नवरा, आणि मी.

सुपारी फुटली. अटी दोन ठरल्या. फ्लेक्स उद्याच्या उद्या उतरायचा. आणि लग्नाला मी जरूर यायचं, पण कॅमेरा घरी ठेवून. परतीच्या एसटीत बयाबाई गुडघे चोळत म्हणाली, "पंधरा उठाबशा जरा जास्तच झाल्या रं."

फ्लेक्स मी स्वतः शिडीवर चढून उतरवला. तेलवाल्यांनाही दोन ओळींत कळवलं की बाईंचा फोटो ताबडतोब काढा. तेवढ्यासाठी गोटीरामला बोलावलं नाही. तेलवाल्यांनी लगेच ऐकलं. शनिवारी मी सायबर कॅफेत गेलो तर बयाबाई गेली होती.

नाव, पत्ता आणि फोन नंबर मात्र तसाच ठेवला होता. वरची जागा रिकामी कशाला ठेवायची म्हणून त्यांनी माझ्याच पानावरून दुसरा फोटो उचलला होता. हातात चषक घेऊन मी हसतोय. 'श्री. चंदर, नाशिक. सहा वर्षं अंथरुणाला खिळून होते. पहा, आज शर्यत जिंकले.'

घरी येऊन मी शुभांगीला सांगितलं. म्हटलं, या वेळी मी काही बोलणार नाही, केलं ते भोगतो. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "चषकवाला फोटो ना? तो मी काढला होता. त्याच्याखाली माझं नाव कुठाय?"

"तेलवाल्यांनी नाही घातलं."

"तेलवाल्यांचं सोडा. तुम्ही तुमच्या पानावर घातलं होतं का?"

संध्याकाळी गोटीराम आला. त्याने चष्मा पुसला, कोरा कागद पुढे ओढला आणि बहिणीला विचारलं, "ताई, तुझी मागणी काय ते एका वाक्यात सांग. पत्र तेलवाले आणि दाजी, दोघांच्या नावाने काढू, का नुसतं दाजींच्या?"