चेहरा खोटं बोलत न्हाय

शहापुरात आमच्या शेजारच्या आप्पांच्या दारात वांगी विकायची असतील तर भाजीवालीला आधी फोटो काढू द्यावा लागतो. आप्पांच्या फोनमध्ये कसलंसं ॲप आहे. चेहरा दाखवला की ते माणसाचा स्वभाव सांगतं. 'प्रामाणिक' आलं तर वांगी घ्यायची, नाहीतर दार बंद. "चेहरा खोटं बोलत न्हाय रं!" हे त्यांचं ब्रीद.

माझा चष्म्यासकट फोटो काढला तेव्हा 'बुद्धिमान' आलं. चष्मा काढल्यावर 'आळशी'. बायको म्हणाली, दुसरा फोटो हुबेहूब आलाय.

गंमत म्हणजे याच आप्पांनी जन्मभर साड्यांचं दुकान चालवलं. "लांबनं बघून साडी घ्यायची न्हाय, पदर चिमटीत धरून बघायचा," असं गिऱ्हाइकाला दटावायचे. माणसाला मात्र फोटो पुरे.

आप्पांनी लग्न केलं नाही. आईबाप गेलेल्या पुतणीला, नंदाला, त्यांनीच वाढवलं. परवा तिला बघायला खानापूरचा मुलगा आला. दोघं एकाच हापिसात. नंदाला तो पसंत आहे हे गल्लीला ठाऊक होतं. मीही शेजारधर्म म्हणून बसलो होतो. पोह्यांच्या बशा आल्या आणि आप्पांनी फोन काढला.

ॲप म्हणालं, 'शांत.'

"अजून एक."

'प्रेमळ.'

"हसू नको रं. खिडकीकडं बघ."

पोहे गार झाले तरी फोटो चालूच. शेवटी उन्हानं त्या बिचाऱ्याच्या कपाळाला आठ्या पडल्या आणि ॲपनं जाहीर केलं, 'रागीट.'

"बघा! हे लगीन व्हायचं न्हाय!" आप्पांचा आवाज चढला, पण कापत होता.

नंदा उठली. तिनं फोन घेतला, आप्पांसमोर धरला आणि मोठ्यानं वाचलं, "आनंदी. निश्चिंत."

आप्पांच्या गालावरून पाणी वाहत होतं.

"आप्पा, खानापूर काय लांब हाय व्हय?" ती म्हणाली.

"न्हाय गं. पण तू हापिसला गेलीस की तेवढ्यानंच घर खायला उठतंय."

मुलगा उठून गुपचूप आप्पांच्या शेजारी बसला. आप्पांनी फोन पालथा ठेवला, त्याचा हात ओढून चिमटीत धरला आणि डोळे मिटून बराच वेळ चाचपत राहिले.

"पोत चांगला हाय," ते म्हणाले. "खा रं आता पोहे."