एक चकती बाहेर आहे

दस्तगीरभाईंच्या हॉटेलात चहाचे पैसे आधी द्यावे लागत, आणि दिल्यावर ते वाजवून होईपर्यंत गप्प उभं राहावं लागे. गल्ल्याशेजारी एक काळी फरशी होती. तिच्यावर दस्तगीरभाई नाणं टाकत, मान कलती करून डोळे मिटत आणि आवाज पुरता विरला की मगच "बसा" म्हणत. मध्येच कुणी खोकलं तर नाणं पुन्हा वाजवलं जाई. मी गावचा शाळामास्तर, घरचं सोवळं खुंटीला टांगून रोज तिथे चहाला जाणारा. तरी माझंही नाणं आठ वर्षं रोज वाजलं.

आमच्या जवळा बाजार गावात त्यांच्या कानाची ख्याती होती. आठवडी बाजारात बैल विकला की माणूस रुपये घेऊन आधी त्यांच्याकडे यायचा. पुढेपुढे त्यांना सवयच जडली. मडकं वाजवून घेतलेलं मी समजू शकतो. पण हा माणूस कपबशी, कुलूप, खाटेचा पाय, सगळंच वाजवून पाही. एकदा माझ्या नव्या चष्म्याच्या काचेवर टिचकी मारून "बराबर हाये" म्हणाले.

नोटांशी मात्र उभं वैर. "याला आवाजच न्हाई, मास्तर. जी चीज बोलत न्हाई तिच्यावर भरोसा कसा ठेवू?"

वैराचं कारण चुलीमागच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत टांगलेलं होतं. हिंगोलीच्या एका पेढीत त्यांनी तीनशे रुपये ठेवले होते, एकेक वाजवून. पेढीवाल्याने सुरेख छापील पावती दिली आणि सहा महिन्यांत दुकानाला कुलूप लावून तो कुठे गेला ते कुणालाच कळलं नाही. नव्या गिऱ्हाइकाला दस्तगीरभाई ती पावती दाखवत. "तीनशे रुपयांची तसबीर हाये. बघून घ्या." सांगायचे हसत, पण तिची काच रोज सकाळी स्वतःच्या हाताने पुसायचे.

मग लढाई आली आणि सगळ्यांचंच दस्तगीरभाईंसारखं झालं. चांदीचे रुपये लोकांनी चुलीखाली नि गोठ्यात पुरले. नवा, कमी चांदीचा रुपया निघाला तो फरशीवर टाकून दस्तगीरभाईंनी मला विचारलं, "याला सर्दी झाली का हो?" चिल्लर तर औषधालाही मिळेना. दुकानदार सुट्ट्याऐवजी सुपारी देऊ लागले; माझ्या घरात कुणी सुपारी खात नाही, तरी दोन डबे भरले. दस्तगीरभाईंनी घासलेटचा डबा कातरून गोल चकत्या पाडल्या आणि खिळ्याने प्रत्येकीला तीन भोकं मारली. एक चकती म्हणजे एक चहा. दोनशे केल्या आणि भिंतीवर कोळशाने तो आकडा लिहून ठेवला.

महिन्याभरात चकती गावभर फिरू लागली. न्हावी ती घेई, तेली घेई. मारुतीच्या पेटीत सात निघाल्या. गुरव काही भाईंच्या हातचा चहा पीत नव्हता, त्याने त्या किराणा दुकानात चालवल्या. एका म्हातारीने तर दुकानदाराने पुढे केलेली कोरी करकरीत नोट परत सारली. "मला भाईची चकतीच दे बाबा. हे कागूद उंदरानं खाल्लं म्हंजी?"

दस्तगीरभाईंना याचा अभिमान वाटला असेल असं तुम्हाला वाटेल. ते पार धास्तावले होते. "लोक खुळे झाले काय? मी चहावाला हाये, मास्तर. उद्या दूध नासलं तर मी काय करू?" चिल्लर पुन्हा दिसू लागताच त्यांनी नवी चकती देणं बंद केलं आणि परत येईल ती तारेत ओवायला लागले. तरी साठसत्तर चकत्या लोकांकडे पडूनच राहिल्या.

अशात निजामाचं राज्य जायची वेळ आली. गावोगाव भीती पसरली. कोण कुठे निघून जाईल याचा नेम राहिला नाही. दस्तगीरभाईंना ना बायको, ना लेकरू. एकच धाकटा भाऊ, तो हैदराबादेहून त्यांना न्यायला आला. दस्तगीरभाई म्हणाले, "चकत्या परत येऊ दे. लोकांचा चहा देणं हाये. तो फिटला की निघू."

नेमका बाजारचा दिवस होता. भाई चालले ही बातमी कापसाच्या गाड्यांपर्यंत गेली आणि जो तो घरचे डबे, कोनाडे हुडकून चकत्या घेऊन धावला. हॉटेलापुढे ही गर्दी! दूध संपलं, शेजारून आणलं, तेही संपलं. साखर संपली, गूळ घातला. दस्तगीरभाई प्रत्येक चकती वाजवत होते, कप भरत होते, घामाने चिंब झाले होते. रामजी नावाच्या एका कुणब्याकडे नऊ चकत्या होत्या. बुडतील या भीतीने त्याने एका बैठकीत नऊ कप चहा ढोसला आणि पोट धरून तिथेच ओट्यावर आडवा झाला.

संध्याकाळी तारेत मोजल्या तर एकशे नव्याण्णव. बाहेर बैलगाडी जुंपून उभी होती.

"एक बाहेर हाये," दस्तगीरभाई म्हणाले.

भाऊ कपाळावर हात मारून म्हणाला, "एक चाय के वास्ते रुकते क्या, भाईजान?"

"एकच तर हाये, म्हणतोस! हिंगोलीचा तो पेढीवालाबी असंच म्हणला असंल."

भाऊ चिडून एकटाच गेला. त्यानंतर दोन वेळा त्याची पत्रं आली. दस्तगीरभाईंचं उत्तर मीच लिहून देई, आणि ते दर वेळी एकच असे: एक चकती बाहेर आहे.

थंडी पडली तेव्हा मी जुना कोट काढला. फाटक्या अस्तरात बोटाला काहीतरी गोल लागलं. तीन भोकं. दोन दिवस मी कोट तसाच टांगून ठेवला. द्यावी तर हा माणूस जाणार, आणि तो जायला मला नको होता. न द्यावी तर ज्याचा शब्द अडकलाय त्याच्यासमोर रोज बसून चहा कसा प्यायचा? शेवटी गेलो आणि चकती गल्ल्यावर ठेवली.

हॉटेलात दुसरं कुणी नव्हतं. दस्तगीरभाईंनी ती फरशीवर टाकली, मान कलती केली, डोळे मिटले. आवाज कधीच विरला, तरी डोळे उघडेनात. मग ते तारेकडे बघत राहिले.

"खोटी हाये, मास्तर," ते म्हणाले.

"अहो, ही तीन भोकं तुमच्याच खिळ्याची..."

"आवाज खोटा हाये." आठ वर्षांत त्या कानाची एकही चूक मी पाहिली नव्हती. त्यांनी चकती उचलली, माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी बोटं स्वतःच्या हाताने मिटली. "हैदराबादेत मला कोण वळखतंय हो, मास्तर?"

त्यांनी चहाचं आधण ठेवलं, गूळ फोडला आणि पाठमोरेच म्हणाले,

"जपून ठेवा बरं ती. हरवू नका."