बावीस जंगलांतली एकच बुरशी

बुरशीच्या बाबतीत मला कुणी शिकवायला जाऊ नये. गेली चौदा वर्षं मी तिच्यावर संशोधन करतोय. ज्या पावावरची बुरशी बघून लोक नाक मुरडतात, तो पाव हातात घेऊन मी तिची सात पिढ्यांची कुंडली सांगतो. आमच्याकडे दुसऱ्यांदा जेवायला सहसा कुणी येत नाही, ते सोडा.

तर झालं असं, की संस्थेतली माझी मुदत महिनाअखेर संपत होती. विभागप्रमुखांनी बोलावून स्पष्टच सांगितलं, "चौदा वर्षांत तुम्हाला एकही नवी जात सापडलेली नाही. या महिन्यात सापडली तर बघू. नाहीतर तुम्ही तुमच्या घरी, आम्ही आमच्या."

आणि सापडली की!

आमचं काम तसं सोपं. जंगलात पडलेल्या ओंडक्याची साल चाकूने खरवडायची, तो चुरा प्रयोगशाळेत आणून काचेच्या प्लेटमध्ये पेरायचा आणि आठवडाभराने काय उगवलंय ते बघायचं. गेल्या तीन वर्षांत मी बावीस जंगलं पालथी घातली होती. डोंगरावरचं, दलदलीतलं, नदीकाठचं, एक तर स्मशानामागचं. आणि बावीसही प्लेटमध्ये एकच पिवळी, मखमली, कडेला जांभळी झालर असलेली बुरशी उगवली होती. आता पहिल्यांदाच तिचा डीएनए तपासला, तर जगातल्या कुठल्याच नोंदीशी जुळेना. आनंदाने मी प्रयोगशाळेत चक्क शीळ घातली.

बुरशीसाठी प्लेटमध्ये घालायचं खाद्य शिजवणाऱ्या मावशी तेवढ्या जागच्या हलल्या नाहीत. "फक्त तुमच्याच प्लेटमध्ये उगवते ती," त्या म्हणाल्या. "बाकीचेही त्याच जंगलांत जातात ना?"

"मावशी, नुसतं जाऊन भागत नाही. पारखी नजर लागते."

"असेल बाई," म्हणून त्यांनी पातेलं घासायला घेतलं.

मग मी बुरशीचा वंशवृक्ष मांडला. तिचे जवळचे भाऊबंद निघाले शिंगं, खूर आणि केस खाऊन जगणारे. माझ्या जंगलांत शिंगवाला प्राणी औषधालाही नव्हता. दुसरा कुणी असता तर अडखळला असता. मी मात्र एका बैठकीत सिद्धान्त लिहून काढला : लाखो वर्षांपूर्वी या बावीसही जंगलांतून अवाढव्य शिंगांच्या प्राण्यांचे कळप हिंडत होते. कळप संपले, पण त्यांच्या शिंगांवरची ही बुरशी लाकडावर राहायला शिकून टिकून राहिली. वाचताना माझेच डोळे पाणावले.

बायकोला वाचून दाखवलं. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"छान आहे. आणि तुझा अंगठा? डॉक्टरांकडे कधी जातोयस?"

माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्याचं नख तीन वर्षांपासून जाड आणि पिवळं झालं होतं. बूट घातले की खाजायचं. तिने आणून दिलेलं मलम मी झाकण न उघडता जपून ठेवलं होतं.

"इथे सृष्टीचं कोडं सुटतंय आणि तुला नखाचं पडलंय?"

"सृष्टीचं सुटलं की सांग," ती म्हणाली आणि दिवा मालवून झोपली.

विभागप्रमुखांनी खात्री करून घेण्यासाठी बाहेरून एक तज्ज्ञ बाई बोलावल्या. सत्तरीच्या, काटकुळ्या, गळ्यात भिंग. बुरशीच्या जगात त्यांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. कागद बाजूला सारून त्या म्हणाल्या, "हे नंतर वाचते. आधी जंगलात चला. एक नमुना माझ्यासमोर घ्या."

तेविसाव्या जंगलात बाई, विभागप्रमुख आणि मी असे आम्ही तिघं पोचलो. मी एक छानसा कुजका ओंडका निवडला, ऐटीत उकिडवा बसलो आणि चाकू काढला.

"थांबा," बाई म्हणाल्या. "चाकू कुठून काढलात?"

"मोज्यातून."

"मोज्यातून?"

"झुडपातून जाताना हात मोकळे राहतात. आणि खिशात ठेवला की खिसा फाटतो," मी समजावलं. "आधी स्पिरिटने पुसतो हं. अगदी स्वच्छ पुसून मग मोज्यात."

"पुसून मग मोज्यात," बाईंनी सावकाश पुन्हा म्हटलं. "आणि मोज्यातून सालीवर. प्रत्येक वेळी?"

"चौदा वर्षं," मी अभिमानाने म्हणालो. बोलता बोलता बुटाचं टोक दुसऱ्या पायाने घासत होतो. बाईंची नजर त्या बुटावर गेली आणि तिथेच राहिली.

"कुठला बूट? डावा? काढा."

विभागप्रमुख एका झाडाकडे फार लक्ष देऊन बघू लागले. मी ओंडक्यावर बसून बूट काढला, मोजा काढला. बाई गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांनी माझ्या अंगठ्याला भिंग लावलं. शिंगं, खूर, केस... आणि नख! चौदा वर्षांची विद्या माझ्या पायाशी येऊन बसली होती आणि मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. माझे अवाढव्य कळप एका मोज्यात मावले होते.

"अप्रतिम," बाई म्हणाल्या.

"काय?"

"पिवळी मखमल, जांभळी झालर. अशी कुणाच्याच नखावर पाहिली नाही मी. तुमचा सिद्धान्त टोपलीत टाका. पण जात नवी दिसते आहे, अगदी शंभर टक्के नवी."

नखाचा तुकडा प्लेटमध्ये गेला आणि आठवड्यात तीच बुरशी उगवली. मावशींनी प्लेट पाहिली, माझ्या पायाकडे पाहिलं आणि साबण लावून दोनदा हात धुतले.

महिनाअखेरीला संस्थेचं पत्र आलं. एक वर्षाची मुदतवाढ! मी घरात पाय ठेवताच पत्र बायकोपुढे धरलं. "वाच. तुझा नवरा टिकला."

तिने ते दोनदा वाचलं.

"अरे, मुदत नमुन्याची वाढवली आहे. 'नमुना जिवंत ठेवण्यासाठी वर्षभर कोणताही औषधोपचार करू नये' असं लिहिलंय."

"आणि मी? माझं नाव असेल ना कुठेतरी."

"आहे की," ती म्हणाली आणि तिने तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे माझं पूर्ण नाव होतं, स्वच्छ टाइप केलेलं, 'सापडण्याचे ठिकाण' या शब्दांपुढे.