फोडल्याचा व्हिडिओ पाठवा

परदेशातून मागवलेल्या वस्तूची वॉरंटी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलेला माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात एकच, आणि तो म्हणजे मी! (निदान नांदुऱ्यात तरी एकच असावा. आमच्या गल्लीत तर नक्कीच.)

कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केल्यामुळे बारीक अक्षराची मला भीती वाटत नाही. बाकी सगळ्याची वाटते. घरात माझ्यावर सोपवलेलं एकमेव काम म्हणजे कोथिंबीर आणणं, आणि आणल्यावर तीही तपासली जाते! म्हणून नात समीक्षाने अ‍ॅनिमेशनच्या अभ्यासासाठी परदेशी ऑनलाइन दुकानातून कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड मागवलं, तेव्हा मी पुढे सरसावलो.

"वॉरंटीचं सगळं मी पाहतो!"

"नक्की ना, आबा? कार्ड बिघडलं तर माझी फिल्म अडकेल. कॉलेजात द्यायची आहे."

"तू निश्चिंत राहा!" असं म्हणालो, आणि लगेच वॉरंटी वाचायला बसलो.

कार्ड दसऱ्याच्या तोंडावर आलं. विटेएवढं काळं धूड, त्यावर दोन पंखे. आमच्या सौ. अन्नपूर्णाबाईंनी ते थेट पाटावर मांडलं. विळा, शिवणयंत्र आणि समीक्षाच्या स्कूटीची किल्ली यांच्या शेजारी.

"अहो, नवी मशीन हाय. पूजा नाई करा लागत का?"

हळद, कुंकू, अक्षता, झेंडू! कार्ड बोहल्यावरच्या नवरदेवासारखं दिसू लागलं.

समीक्षाने ते पुसून कॉम्प्युटरमध्ये बसवलं. पंखा गरगरला, मग गिरणीत खडा जावा तसा कडकडला, थांबला, आणि थोड्या वेळाने कार्ड तापून पडदा काळाठिक्कर!

"उघडून पाहू का, आबा?"

"खबरदार!" मी ओरडलो. "स्क्रू काढला की वॉरंटी गेली. वाचलंय मी!"

मी तक्रार पाठवली. उत्तराची सुरुवातच होती, 'प्रिय मित्रा'. न भेटता मित्र म्हणणाऱ्या माणसाची मला धास्ती वाटते, आणि ती खरी ठरली! कार्ड परत पाठवायला खर्च फार येतो, तेव्हा तुम्हीच ते फोडा आणि फोडल्याचा व्हिडिओ पाठवा. त्यात तुमचा चेहरा दिसला पाहिजे. हातात त्या दिवशीचं वर्तमानपत्र पाहिजे. मग नवीन कार्ड पाठवू.

फोडा! मी जन्मात कधी पुस्तकाचं पान दुमडलेलं नाही! आणि फोडल्यावर मित्र फिरला तर? कार्ड गेलं, फिल्म गेली, आणि समीक्षा मला यापुढे कोथिंबीरसुद्धा आणायला सांगणार नाही!

समीक्षा शेगावला कॉलेजात गेली होती. मी ओसरीवर पाट मांडला, त्यावर कार्ड ठेवलं, पिठाच्या डब्याला टेकवून मोबाइल उभा केला. एका हातात पेपर, दुसऱ्या हातात वरवंटा. तारीख दिसावी म्हणून पेपर छातीशी धरला.

"मी... चंद्रशेखर... राहणार नांदुरा..." मी मोबाइलकडे बघत म्हणालो. "हे मी... स्वखुशीने करत आहे..."

नेमके तेव्हाच शेजारचे महादेवराव डोकावले. फसवणुकीच्या बातम्या वाचून गल्लीला ऐकवणं हा त्यांचा रोजचा उद्योग.

"डिजिटल अरेस्ट!" ते किंचाळले. "सर, कोन धमकावून राह्यलं तुमाले? ओटीपी सांगू नका!"

"कोणी नाही हो! मित्र आहे!"

"मित्रच म्हनतात ते भामटे! वहिनी, धावा! सरले धरलं!"

अन्नपूर्णाबाई लाटणं उगारून बाहेर आल्या. "कोन हाय? कुठी हाय मेला?"

महादेवरावांनी माझा हात पकडला, मी तो सोडवू लागलो आणि वरवंटा निसटला. धाडकन! कार्डाचे दोन तुकडे! आणि पंख्याखालून काहीतरी इवलंसं टुणकन उडून पाटावर पडलं.

तिघेही वाकलो. तांदळाचा दाणा. कुंकवाने लाल झालेला.

"हे तं माह्या अक्षतेतलं हाय!" अन्नपूर्णाबाई हळूच म्हणाल्या.

म्हणजे कार्ड चांगलं होतं! साध्या चिमट्याने काम भागलं असतं! आणि उघडू नको म्हणून ओरडलो होतो मीच!

"महादेवराव, खोटी तक्रार झाली हो ही! केस होईल का?"

"परदेशातली केस म्हंजे दर तारखेले विमानानं जा लागीन," महादेवराव गंभीर झाले. "पासपोर्ट हाय का तुमच्यापाशी?"

पुरावा लपवणं हा आणखी एक गुन्हा, असा विचार करून मी तो अख्खा व्हिडिओ पाठवून दिला. सोबत दसरा, पूजा, तांदूळ असं सगळं खरं लिहिलं आणि दर ओळीला माफी मागितली.

समीक्षा घरी आली. तिने तुकडे पाहिले, माझ्याकडे पाहिलं, आणि कोथिंबीर आणायला ती स्वतःच गेली. ती रागावली असती तर बरं झालं असतं!

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. मी डोळे मिटून घेतले. समीक्षाने वाचलं:

'प्रिय मित्रा, व्हिडिओ आमच्या कचेरीतल्या सगळ्यांनी पाहिला. नवीन कार्ड आजच पाठवतो. तांदळाचं राहू द्या. कृपया घाबरू नका. लाकडी दांडका घेतलेल्या बाईंनाही शांत व्हायला सांगा.'

कार्ड आलं. अन्नपूर्णाबाईंनी या वेळी खोक्याला बाहेरूनच कुंकू लावलं. फिल्म वेळेत गेली, आणि माझी छाती पुन्हा फुगली.

"बघितलंस? वॉरंटी नीट वाचली की असं काम होतं!"

"हो, आबा. आता माझा कीबोर्ड बिघडलाय. तोही बाहेरूनच मागवलेला. त्याची तक्रारही तुम्हीच करा."

मला भरून आलं. चष्मा शोधायला उठलो.

"चष्मा कशाला, आबा? वाचू नका काही. नुसते कॅमेऱ्यासमोर बसा. तुमचा चेहरा पुरे आहे!"

तर सध्या ओसरीवर बसलोय. पेपर आजचाच आहे. महादेवरावांनाही निरोप धाडलाय.