रेवानं पाळणा खाल्ला

रेवानं पाळण्याचा कठडा खाल्ला, हे शशिकलाच्या लक्षात आलं ते एका रविवारी सकाळी. सगळा नव्हे, पण दीड वर्षाच्या मुलीचं तोंड जिथवर पोहोचतं, तिथवरचा पिवळा रंग साफ गेला होता. दात येताना मुलं चावतातच, असं म्हणून एरवी तिनं सोडून दिलं असतं. पण त्याच दिवशीच्या पेपरात रंगातल्या शिशावर लेख होता. पिवळ्या आणि लाल ऑइलपेंटमध्ये शिसं जास्त असतं, त्याची चव गोडसर लागते आणि लहान मुलांच्या मेंदूवर ते परिणाम करतं, असं त्यात लिहिलं होतं.

"अहो, पाळण्याला रंग कुठला लावलात?"

चारुदत्त बँकेत कारकून. भावाकडून आलेला हा पाळणा त्यानं दिवाळीच्या सुट्टीत स्वतः रंगवला होता आणि नवीन पनवेलच्या त्या दोन खोल्यांत येणाऱ्या प्रत्येकाला कौतुकानं दाखवला होता.

"चांगलाच लावलाय," तो म्हणाला. पण लेख वाचून झाल्यावर त्यानं चहा तसाच ठेवला आणि गावातल्या हितेशभाईचं रंगाचं दुकान गाठलं.

"हितेशभाई, त्या पिवळ्या रंगात शिसं असतं का हो?"

"एकदम फुल, साहेब!" हितेशभाईनं छाती पुढे काढली. "त्याच्याबिगर चमक कुठून येणार? बिनशिशाचा माल आपण ठेवतच नाय."

"अहो, माझ्या मुलीनं खाल्लाय तो!"

"असं?" हितेशभाई जरा विचारात पडला. "पण साहेब, खायचा रंग वेगळा. तो किराणावाल्याकडे मिळतो."

चारुदत्त घरी परतला तो पॉलिश पेपर घेऊनच. शशिकला रेवाला घेऊन शेजारी गेली होती. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून त्यानं खिडक्या लावल्या, उकडायला लागलं म्हणून पंखा पाचवर केला, खाली सकाळचा पेपर अंथरला आणि दोन तास पाळणा घासला. लाकूड गोरंपान निघालं. गादी, उशा, रेवाची झबली आणि तो स्वतः मात्र हळदीला बसवल्यासारखे दिसू लागले.

धूळ गोळा करायला त्यानं खालचा पेपर उचलला, तेव्हा त्याला आतल्या पानावर त्याच लेखाचा उरलेला भाग दिसला. 'जुना रंग कधीही कोरडा घासू नये,' असं ठळक अक्षरांत छापलं होतं. 'त्याची धूळ सर्वांत घातक.'

तेवढ्यात दार ढकलून रेवा आत आली, मागोमाग शशिकला. जमिनीवर दोन्ही तळवे टेकून ती बाबांकडे बघून हसली आणि मग तिनं चार बोटं तोंडात घातली.

"शशी, हे पुढचं तू वाचलं नव्हतंस?" चारुदत्त ओरडला.

"कसं वाचणार? पान तुमच्या बुडाखाली होतं!"

पुढचे तीन दिवस दोघं ओल्या फडक्यानं घर पुसत होती. चौथ्या दिवशी चारुदत्त रजा टाकून एका सरकारी कचेरीत गेला. तिथे महादेव नावाचे वयस्क कारकून बसले होते.

"रंगात शिसं किती असावं, याला काही नियम आहे का?"

"आहे तर! पण ऐच्छिक आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे कंपनीनं पाळला तर नियम, नाही पाळला तर त्यांची इच्छा." महादेवांनी चष्मा काढला. "अर्ज देऊन ठेवा. मुलगी किती वर्षांची?"

"दीड."

"मग उत्तर येईपर्यंत ती स्वतःच वाचेल."

शेवटी मुंबईच्या एका डॉक्टरांनी रेवाचं रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्टला तीन आठवडे लागणार होते. ते दिवस फार वाईट गेले. रेवा एखादा शब्द विसरली की दोघं एकमेकांकडे बघत. एकदा ती मांजराला काऊ म्हणाली, तर शशिकला स्वयंपाकघरात जाऊन रडली. चारुदत्तनं मुलीला कडेवर घेतलं आणि खिडकीतून एक खरा कावळा पुन्हा पुन्हा दाखवला. ती त्याला म्याऊ म्हणाली.

रिपोर्ट आला. शिसं धोक्याच्या रेषेच्या थोडं वर होतं.

"घाबरू नका," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज शांत आणि धीर देणारा होता. "लवकर लक्षात आलं. दूध द्या, पालेभाज्या द्या, तीन महिन्यांनी पुन्हा तपासू. तिला रंगापासून लांब ठेवायचं, हाच मुख्य उपाय. आईवडिलांनी डोळे उघडे ठेवायला हवेत, एवढंच."

"हो," चारुदत्त मान खाली घालून म्हणाला.

रेवा बराच वेळ गप्प होती, म्हणून शशिकलानं वळून पाहिलं. मुलांना रमवायला डॉक्टरांनी कोपऱ्यात एक लाकडी घोडा ठेवला होता. रेवा त्याचा लालभडक कान मन लावून चोखत होती.

शशिकलानं तिला झटकन उचललं. "डॉक्टर, हा रंग कुठला?"

डॉक्टर उठले. घोडा उचलून त्यांनी खिडकीच्या उजेडात धरला. दुसरा कान नव्हताच. तिथे नुसतं लाकूड होतं, बारीक दातांच्या खुणा असलेलं.

"माझ्या मुलाचा आहे हा," ते हळूच म्हणाले. "आता आठ वर्षांचा आहे. गणितात जरा..."

खुर्चीत बसून त्यांनी रक्ततपासणीच्या कागदांचा गठ्ठा ओढला आणि रुग्णाच्या नावाच्या रकान्यात स्वतःचंच आडनाव लिहायला घेतलं.