डब्याचा ताप

“काळजी करू नकोस, मी आहे ना!” हे वाक्य मी उभ्या आयुष्यात दोनदाच उच्चारलं. पहिल्यांदा लग्नानंतर बायकोला. दुसऱ्यांदा गेल्या सोमवारी लेकीला, फोनवर. पहिल्याचा निकाल अजून लागायचा आहे. दुसऱ्याचा लागला!

लेकीने आमच्या घरी एक सर्व्हर बसवला आहे. म्हणजे बुटाच्या खोक्याएवढा काळा डबा, पोटात चार हार्ड डिस्क. तिचे लहानपणचे बोल टेप केलेल्या कॅसेटींना बुरशी लागली होती. त्यातलं जेवढं वाचलं, तेवढं आता फक्त या डब्यात.

“बाबा, रविवारी येऊन दुसरी प्रत काढते. तोवर डिस्कचं तापमान चाळिसाच्या आत ठेवा. पंचावन्न झाले तर काही खरं नाही.”

मी माहितीपुस्तिकेची शहाऐंशी पानं वाचली, पेन्सिलीने खुणा केल्या. ‘तापमानाची नियमित नोंद ठेवावी’ हे वाक्य तर फारच आवडलं. फूटपट्टीने तक्ता आखला आणि नजरेसमोर राहावा म्हणून डब्याच्या तोंडावरच चिकटवला. डब्याच्या माथ्यावर आकडे दिसतात. ते दर तासाला टिपायचे. नोकरीत पस्तीस वर्षं दुसरं केलं काय!

सोमवारी अडतीस. मंगळवारी त्रेचाळीस! तक्ता भरला, त्यावर दुसरा चिकटवला. बुधवारी पाहतो तर डब्यावर विणलेला रुमाल! आमच्या हिने टीव्ही, मिक्सर, शिवणयंत्र, सगळ्यांना कपडे घातलेत.

“सापडला चोर!” मी ओरडलो. म्हणजे माझ्या मानाने ओरडलो.

“अहो, आत्ता ठेवलाय, दोन मिनिटं नाही झाली.”

“तेवढ्यात पाच अंश?”

“मग तुमच्या तोंडाकडे बघून तापला असेल!”

रुमाल काढला. तासाभरात शेहेचाळीस. मी टेबलफॅन लावला. वाऱ्याने तक्ते फडफडू लागले, म्हणून चारी कडांना घट्ट चिकटपट्टी मारली. एकोणपन्नास! पंख्यापुढे परातीत बर्फ ठेवला. डबा तापतच राहिला, बर्फ मात्र वितळला आणि शब्दकोशाचा तिसरा खंड नाहून निघाला.

“कोणाला तरी बोलवा,” ही म्हणाली.

“आणि सांगू काय? मला जमत नाही म्हणून?”

“त्यात नवीन काय आहे?”

शनिवारी लेकीचा फोन आला. “कसं आहे?”

“थंडगार!” मी म्हणालो आणि त्रेपन्नचा आकडा सातव्या तक्त्यावर लिहिला. त्या डब्यात माझ्या लेकीचा तीन वर्षांची असतानाचा आवाज होता आणि मी त्याला डोळ्यांदेखत शिजवत होतो!

रविवारी सकाळी चोपन्न. डबा किंचाळू लागला. तेवढ्यात लेक दारात! तिने पंखा पाहिला, परात पाहिली, फडताळावर वाळत घातलेला शब्दकोश पाहिला. मग डब्यासमोर बसली.

“बाबा, हे कागद कोणी लावले?”

“नोंदी आहेत. दर तासाच्या,” मी जरा ऐटीतच म्हणालो.

“याच्यामागे जाळी आहे. डबा तिथूनच हवा आत घेतो. तुम्ही त्याचं नाक दाबून त्यावरच ताप लिहीत होतात!”

सातही तक्ते तिने एका हिसक्यात ओढून काढले. डब्याने असा सुस्कारा सोडला की मलाच मोकळं वाटलं. अर्ध्या तासात एकोणचाळीस! दुपारपर्यंत दुसरी प्रत निघाली. आवाजाचा एक सेकंदही वाया गेला नव्हता. मायलेकी हसून हसून बेजार. शेवटी मीही हसलो.

“आता एखादं ऐकव,” मी म्हणालो.

लेकीने एक लावलं. खरखर झाली, कुठेतरी स्क्रू पडल्याचा आवाज आला आणि मग तो इवलासा, रडवेला आवाज खोलीभर घुमला:

“आई गं, बाबांना सांग ना, माझी गाडी नीट करू नका!”