गिऱ्हाईक पाहिजे

मुलांनो, डोळे मिटा आणि कल्पना करा : मुलुंडमध्ये पंख्यांचा एक मोठा कारखाना आहे. दिसला? आता तो पुसून टाका. मालकांनाही साधारण एवढाच वेळ लागला.

कारखान्याच्या जागी पाच मजली मॉल झाला. एक नियम पाठ करून ठेवा. कारखान्याला कामगार लागतात, मॉलला गिऱ्हाईक लागतं आणि कारखाना बंद पडला की आसपास गिऱ्हाईक उरत नाही. मॉलमध्ये सरकते जिने होते, कारंजं होतं, कुत्र्यांचे स्वेटरही होते (मुलुंडच्या कुत्र्यांची ही फार जुनी मागणी). फक्त विकत घेणारं कुणी नव्हतं. रीतसर पाहणी झाली. शंभरातले ब्याण्णव लोक एसीची हवा खायला आलेले आढळले. उरलेले आठ पाहणी करणारे होते.

व्यवस्थापक चंद्रप्रकाशसाहेब मोठे दयाळू. गर्दी दिसली की गर्दी येते, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी कारखान्याच्या जुन्या कामगारांना बोलावून त्यांच्यासाठी नवं पद काढलं : गिऱ्हाईक. इस्त्रीचे कपडे घालायचे, दोन्ही हातांत मॉलच्या फुगलेल्या पिशव्या (आत थर्माकोल) घ्यायच्या आणि समाधानाने फिरायचं. काही विकत घ्यायचं नाही. पिशवी कुणाला उघडून दाखवायची नाही. भेद फुटला की नोकरी गेली.

कामगारांनी हे कामही शिस्तीत केलं. पहिल्याच दिवशी, भोंगा नसताना, बाराच्या ठोक्याला सगळी गिऱ्हाइकं कारंज्याच्या कट्ट्यावर ओळीने बसली आणि डबे उघडून एकमेकांच्या भाजीत हात घालू लागली. साहेबांना लेखी समज द्यावी लागली : ‘गिऱ्हाइकास भूक लागणे इष्ट आहे, मात्र ती पिझ्झाची असावी.’

धम्मपाल पूर्वी पंख्याला पाती बसवायचे. वर्षभर घरी बसल्यावर त्यांना हे काम मिळालं होतं. त्यांना वेगळी समज मिळाली : ‘चेहरा अद्याप कामगाराचा आहे. सुधारणा न झाल्यास सेवा समाप्त.’ म्हणून सहावीतली त्यांची मुलगी क्षमा रोज आरशासमोर त्यांचा सराव घेऊ लागली.

“पप्पा, हे हसू आहे? दाढ दुखतेय असं वाटतंय. परत.”

“अगं, मग करू काय?”

“बोनस मिळालाय असं समजा.”

“तो कसा असायचा, तेच आठवेना गं.”

पूर्वी शाळेची सहल कारखाना बघायला यायची. शिक्षणात खंड पडू नये म्हणून आता ती मॉल बघायला येते. क्षमाचा वर्ग सरकत्या जिन्याशी पोचला आणि वरून, चार पिशव्या घेऊन, धम्मपाल उतरले.

“ए क्षमा, तुझे पप्पा ना ते?” वर्गातला विशाल ओरडला. “केवढी शॉपिंग, यार! दाखवा ना काका, काय घेतलंत?”

“बघू तरी, कुठे सेल लागलाय,” वर्गशिक्षिका नीलाबाईही पुढे सरसावल्या.

विशालने एका पिशवीचा बंद धरला. कठड्याशी उभे असलेले चंद्रप्रकाशसाहेब बघत होते. धम्मपालांचा चेहरा पुन्हा कामगाराचा झाला.

“सोड रे! काचेचं आहे, फुटलं तर तू भरून देणार का?” क्षमाने पिशवी हिसकावली आणि लगेच कमरेत वाकली. दोन्ही हातांनी ती पोटाशी धरून, धापा टाकत, चार पावलं गेली. “पप्पा, किती घेतलंत हो! जिकडे तिकडे निम्म्यात मिळतंय म्हणून एवढं घ्यायचं?”

निम्म्यात हा शब्द ऐकताच नीलाबाई आणि अख्खा वर्ग दुकानांकडे पळाला. हसू नका. मागच्या रविवारी तुम्हीही आईबाबांचा हात ओढत असेच पळाला होतात, आणि तुमच्यापुढे पिशव्या घेऊन चालणारा माणूस कोण होता, ते तुम्ही विचारलं नव्हतंत.

क्षमाने मात्र पिशवी जपून खाली टेकवली, वळ उठल्यासारखी बोटांवर फुंकर घातली आणि साहेबांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, “पप्पा, आता हसा.”